मुळांकडून टोकांकडे: सलूनमध्ये बिघडलेल्या केशरंगाची दुरुस्ती

पाठीच्या मध्यापर्यंत येणाऱ्या माझ्या केसांना मला एकसारखा, उबदार तपकिरी रंग हवा होता, आणि सलूनमधून मी तीन रंग घेऊन बाहेर पडले. टाळूलगतचा दोन-अडीच सेंटिमीटरचा पट्टा पिवळसर नारिंगी झाला होता. त्याखाली खांद्यापर्यंतचा भाग झगझगीत तांबडा दिसत होता, तर टोकांकडचे केस करड्या-तपकिरी, मळकट छटेचे होऊन हाताला खरखरीत लागत होते. काम करणाऱ्यांनी दोन उपाय तिथल्या तिथे सुचवले: एक तर लगेच पुन्हा ब्लीच करून सगळे सारखे उजळायचे, किंवा वरून काळा रंग चढवून सगळे झाकून टाकायचे. मी दोन्ही नाकारले, मात्र निघण्यापूर्वी त्यांनी काय वापरले हे लिहून मागितले. थोड्या कुरबुरीनंतर चिठ्ठी मिळाली. संपूर्ण लांबीवर ब्लीच पावडर आणि 30 व्हॉल्यूमचा डेव्हलपर, म्हणजे तिच्यात कालवायचे पेरॉक्साइडचे द्रावण, फॉइलमध्ये, वरून उष्णता. धुतल्यानंतर राखी छटेचा टोनर, म्हणजे नको असलेली छटा मारणारा हलका रंग, तोही मुळांपासून टोकांपर्यंत एकच. पुढच्या सगळ्या दुरुस्तीचा पाया या चिठ्ठीने घातला, म्हणून रंग बिघडलेल्या प्रत्येकाने भांडण करण्याआधी ती मागून घ्यावी, असे मला वाटते.

व्हॉल्यूमचा आकडा हायड्रोजन पेरॉक्साइडचे प्रमाण सांगतो. 10 व्हॉल्यूम म्हणजे 3 टक्के, 20 म्हणजे 6, 30 म्हणजे 9 आणि 40 म्हणजे 12 टक्के. ब्लीच पावडरीतील परसल्फेट क्षार आणि हे पेरॉक्साइड मिळून केसाच्या गाभ्यातील मेलॅनिन या नैसर्गिक रंगद्रव्याचे विघटन करतात, आणि आपल्याकडच्या काळ्या केसांत ते करताना आधी लाल, मग नारिंगी, मग पिवळा असे थर उघडे पडत जातात. म्हणजे नारिंगी दिसणे हा अपघात नसतो; काळ्या केसाला फिकट होताना त्या मुक्कामावरून जावेच लागते. बिघाड होतो तो केसाचा एक भाग एका मुक्कामावर आणि दुसरा भाग दुसऱ्याच मुक्कामावर थांबतो तेव्हा.

माझ्या बाबतीत तसे होण्याचे कारण केसांच्या वयात होते. डोक्यावरचा केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. त्या हिशेबाने माझ्या केसांची टोके जवळजवळ चार वर्षे जुनी होती आणि मुळांचा भाग गेल्या दोन-तीन महिन्यांतला. टोकांच्या काळात मी मेंदी लावत असे, तीही आमच्या घरच्या रीतीने, म्हणजे लोखंडी कढईत चहाच्या पाण्यात रात्रभर भिजवलेली, आवळकाठीची पूड आणि थोडा कात घातलेली. मधल्या भागाच्या काळात पांढरे केस वाढल्यामुळे मेंदी सोडून पाकिटातला गडद तपकिरी रंग सुरू झाला होता. मुळांचा ताजा भाग कोरा होता, त्यात काही पांढरे केस होते. हे सगळे मी पहिल्या सलूनमध्ये सांगितले होते. मेंदी नैसर्गिक असल्यामुळे तिचा काही प्रश्न येत नाही, असे उत्तर मिळाले आणि तिन्ही भागांना एकच मिश्रण लावले गेले.

ओळखीतून एका अनुभवी कलरिस्टचा, म्हणजे केस रंगवण्यातल्या जाणकाराचा, पत्ता मिळाला. पुण्यात दोनच खुर्च्यांचे सलून चालवणाऱ्या या बाई मला ताई म्हणत आणि मीही त्यांना ताईच म्हणत असे. पहिल्या भेटीत त्यांनी केसांना रंगाचा थेंबही लावला नाही. खिडकीच्या उजेडात केस पुढे-मागे करून पाहिले, चिठ्ठी वाचली आणि प्रश्न विचारायला सुरुवात केली. मेंदी शेवटची कधी लावली, कढई लोखंडाची होती की बिडाची, पाकिटातला रंग दर वेळी फक्त वाढीवर लावत होते की पूर्ण केसांवर ओढत होते, केस सरळ करण्याचे किंवा केराटिनचे काही करवून घेतले होते का, घरी पाणी महापालिकेचे येते की बोअरचे, टाळू अजून झोंबते का. शेवटच्या प्रश्नाला मी होकार दिल्यावर त्यांनी सांगितले की कातडी शांत होऊन खपल्या गेल्याशिवाय पुढचे काही होणार नाही. तोवर सौम्य शाम्पू, कोमट पाणी आणि नखे न लावता धुणे, एवढेच करायचे होते.

त्याच भेटीत त्यांनी तीन चाचण्यांची तयारी केली. पहिली अगदी साधी होती: प्रत्येक भागातला एक सुटा केस ओला करून दोन्ही टोकांना धरून हलकेच ताणायचा. निरोगी ओला केस थोडा लांबतो आणि सोडल्यावर पूर्ववत होतो. मुळांकडचा केस तसा वागला, मधला जरा उशिराने परतला, पण टोकांकडचा केस ओल्या शेवईसारखा लांबत गेला आणि तुटला. या एका केसाने दुरुस्तीची मर्यादा ठरवली, कारण असा केस पुन्हा ब्लीचखाली गेला असता तर तो फिकट व्हायच्या आधी हातात आला असता. केस पाण्याच्या पेल्यात टाकून तो तरंगतो की बुडतो यावरून त्याची सच्छिद्रता ओळखण्याची एक पद्धत सर्वत्र सांगितली जाते, तिच्यावर मात्र ताईंचा विश्वास नव्हता. केसावर राहिलेले तेल किंवा कंडिशनर तो निकाल सहज फिरवते, असे त्यांचे म्हणणे होते. त्याऐवजी त्या केस दोन बोटांत धरून टोकाकडून मुळाकडे बोटे फिरवत आणि केसाच्या बाहेरच्या थरातले बारीक खवले किती उभे राहिले आहेत ते स्पर्शाने पाहत.

दुसरी चाचणी मला सर्वांत महत्त्वाची वाटली. मानेजवळच्या आतल्या थरातून, बाहेरून दिसणार नाही अशा जागेची एक बारीक बट त्यांनी कापली, तिचे मूळ, मध्य आणि टोक असे तीन तुकडे केले आणि प्रत्येक तुकडा दोऱ्याने बांधून काचेच्या वेगळ्या वाटीत ठेवला. वाट्यांत 20 व्हॉल्यूमचे पेरॉक्साइड आणि त्यात अमोनियाचे काही थेंब होते. अर्धा तास आम्ही त्या वाट्यांकडे लक्ष ठेवून होतो. मुळाच्या आणि मधल्या तुकड्याला विशेष काही झाले नाही. टोकाच्या तुकड्याभोवती मात्र बारीक बुडबुडे जमू लागले आणि वाटी हाताला किंचित कोमट लागू लागली. लोह आणि तांबे यांसारखे धातू पेरॉक्साइडचे वेगाने विघटन करतात आणि त्यातून निर्माण होणारे अतिक्रियाशील घटक केसातील प्रथिनांवर तुटून पडतात. कढईतले लोह चहा आणि आवळकाठीतल्या टॅनिनशी संयोग पावूनच आपल्या मेंदीला तो काळसर रंग येतो, आणि तोच रंग वर्षानुवर्षे थर चढवत टोकांत बसला होता. काही तयार पाकिटांतल्या मेंदीतही धातूंचे क्षार मिसळलेले असतात आणि तिथे हीच प्रतिक्रिया याहून कितीतरी तीव्र होऊ शकते. शुद्ध मेंदीचा त्यात दोष नाही; तिच्यातला लॉसोन हा रंगद्रव्याचा घटक केसातील केराटिन या प्रथिनाला घट्ट चिकटतो इतकेच. म्हणूनच तो सहसा निघतही नाही.

तिसरी म्हणजे पॅच टेस्ट. कायमस्वरूपी रंगांत, आणि बऱ्याच टोनरमध्येही, पॅराफिनिलीनडायअमाइन किंवा त्याच्या जवळच्या नात्यातले घटक असतात. काळी मेंदी म्हणून विकल्या जाणाऱ्या अनेक पाकिटांतही तो सापडतो आणि काहींना त्याची तीव्र ॲलर्जी असते. मी पाकिटातला रंग पूर्वी वापरला होता, त्यामुळे मला ही चाचणी अनावश्यक वाटत होती. ताईंनी समजावले की अशी ॲलर्जी अनेक वर्षे वापर केल्यानंतरही अचानक उद्भवू शकते आणि ब्लीचने दुखावलेल्या टाळूवर ती अंगाशी येते. वापरायचे ठरलेल्या रंगाचा ठिपका कानामागे लावून 48 तास वाट पाहिली. काही झाले नाही.

टाळू बरी होईपर्यंतच्या मधल्या काळात घरच्यांचे आणि शेजारचे सल्ले भरपूर आले. जांभळा शाम्पू लाव, हा त्यांतला सर्वांत जास्त वेळा मिळालेला सल्ला. जांभळा रंग पिवळ्याला मारतो, निळा नारिंगीला आणि हिरवा लालला. माझ्या मधल्या भागात तांबडा-नारिंगी रंग होता, तिथे जांभळ्या शाम्पूचा उपयोग नव्हता, आणि सच्छिद्र टोकांवर तो आणखी मळकट छटा चढवून बसला असता. लिंबू लावून उन्हात बसण्याचा सल्ला मी ऐकून सोडून दिला. खाण्याच्या सोड्याचा सल्ला देणाऱ्यांना मी आता सांगते की सोडा अल्कधर्मी असतो आणि ब्लीचच्या अल्कधर्मी माऱ्याने आधीच उभे राहिलेले खवले तो आणखी उचलतो. माझ्या मोठ्या आत्येने मात्र अगदी कळकळीने सांगितले, “अगं, एकदा मेंदी लावून टाक, सगळं झाकलं जाईल.” ब्लीच झालेल्या मुळांवर मेंदीने भडक केशरी रंग आणला असता, आणि तो केराटिनला चिकटून बसल्यावर पुढची प्रत्येक दुरुस्ती अवघड झाली असती. आत्याबाईंना मी एवढेच म्हटले की थोडे थांबते. दही किंवा अंडे लावल्याने विशेष बिघडत नाही, पण अंड्यातली प्रथिने केसाच्या आत शिरण्याइतकी लहान नसतात, तेव्हा त्यांनी केस भरून येतो ही समजूत सोडून द्यावी.

घरगुती उपायांपैकी एक मात्र ताईंनीही मान्य केला आणि तो म्हणजे धुण्यापूर्वी खोबरेल तेल. मुंबईच्या आरती रेळे आणि आर. बी. मोहिले यांनी 2003 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेलांची तुलना केली होती, आणि धुताना होणारी केसातील प्रथिनांची हानी खोबरेल तेलानेच कमी झाल्याचे दिसले होते. त्यातले लॉरिक आम्ल लहान आणि सरळ साखळीचे असल्यामुळे ते केसाच्या आत शिरते, असे त्याचे स्पष्टीकरण आहे. आजीने दिलेल्या सवयीला प्रयोगशाळेने दुजोरा दिल्याचा आनंद मला झाला हे कबूल करायला हरकत नाही, पण तेल बोटांवर घेऊन फक्त मधल्या भागाला आणि टोकांना लावायचे, अर्धा-पाऊण तासाने धुवायचे आणि रंग लावण्याच्या दिवशी अजिबात लावायचे नाही, असे ताईंनी बजावले होते.

पाण्याकडे मी त्यापूर्वी कधी लक्ष दिले नव्हते. आमच्या सोसायटीत उन्हाळाभर बोअरचे आणि टँकरचे पाणी मिसळून येते, बादलीच्या कडेला पांढरा थर धरतो आणि शाम्पूला फेस कमी येतो. अशा जड पाण्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम केसावर साचून तो राठ करतात, आणि लोह किंवा तांब्याचा अंश असेल तर पेरॉक्साइडशी होणारी ती प्रतिक्रिया पुन्हा संभवते. म्हणून काही आठवडे, आठवड्यातून एकदा, ईडीटीए असलेला, धातू ओढून घेणारा शाम्पू वापरायचा आणि शेवटचे पाणी फिल्टरचे घ्यायचे, असा क्रम ठरला. असा शाम्पू केस कोरडा करतो, त्यामुळे त्याच्यानंतर कंडिशनर जरा जास्त वेळ ठेवावा लागे. याच धुण्यांचा दुसरा फायदा असा झाला की टोकांवर प्रमाणाबाहेर बसलेला राखी टोनर हळूहळू निघून गेला. सच्छिद्र केस टोनर अधाशासारखा ओढून घेतो आणि तितक्याच सहज सोडतोही. ज्या मळकट टोकांमुळे मला सर्वांत जास्त वाईट वाटले होते, ती कोणतेही रसायन न लावता केवळ धुण्याने आणि वाट पाहण्याने परत तपकिरी-तांबूस झाली.

मग योजना ठरली आणि मला ती प्रथम उलटी वाटली. माझी अपेक्षा होती की मधला भाग आणि टोके उजळून मुळांच्या जवळ आणली जातील. ताईंनी कागदावर आकडे मांडले. केसाच्या गडदपणाची 1 ते 10 अशी पातळी धरतात, 1 म्हणजे काळा आणि 10 म्हणजे अगदी फिकट सोनेरी. रंगाच्या ट्यूबवरचा पहिला आकडा ही पातळी दाखवतो आणि बिंदूनंतरचा आकडा छटा. अनेक कंपन्यांच्या क्रमांकांत .1 म्हणजे राखी, .3 सोनेरी आणि .4 तांबूस. माझी मुळे 8 च्या जवळ गेली होती, मधला भाग 6 वर होता आणि टोके 4 वर. टोकांना 8 पर्यंत नेणे म्हणजे चाचणीत बुडबुडे आलेल्या आणि ताणल्यावर तुटलेल्या केसाला आणखी ब्लीच करणे. याउलट मुळे 8 वरून 6 च्या खाली आणायला केसाचा काहीही भाग विरघळवावा लागत नाही, फक्त रंग भरावा लागतो. दुरुस्तीत केस नेहमी गडद बाजूला न्यावा, कारण चढवलेला रंग कमी करण्यापेक्षा कमी पडलेला रंग भरणे केसाला फार स्वस्त पडते, असा त्यांचा साधा हिशेब होता.

मधल्या भागातला पाकिटाचा रंग काढण्यासाठी रंग उतरवणारे रसायन वापरता येईल का, हे मी विचारले होते. ब्लीचपेक्षा हे रसायन सौम्य असते. ते ऑक्सिडीकरणाने मोठे झालेले कृत्रिम रंगकण पुन्हा लहान करते, म्हणजे ते धुऊन काढता येतात, आणि त्याचा गंधकासारखा वास दीर्घकाळ राहतो. पण ते मेलॅनिन परत आणत नाही, मेंदीवर परिणाम करत नाही आणि नीट धुतले गेले नाही तर हवेतल्या ऑक्सिजनने तेच कण पुन्हा गडद होतात. मधल्या भागातला बहुतेक रंग ब्लीचनेच गेला होता आणि आता दिसत होता तो खालचा तांबडा थर, तेव्हा काढायला विशेष काही उरलेच नव्हते. वरून काळा रंग लावण्याबाबतही त्यांनी नकार दिला. कृत्रिम रंग दुसऱ्या कृत्रिम रंगाने उजळत नाही, त्यामुळे एकदा काळा बसला की परत येण्यासाठी ब्लीचच उरते; शिवाय फिकट केसावर थेट बसलेला काळा काही धुण्यांतच ठिकठिकाणी उडून हिरवट दिसू लागतो.

हिरवट होण्याचे हे कारण मुळांच्या दुरुस्तीतही आडवे येणार होते. नैसर्गिक तपकिरी केसात लाल आणि नारिंगी छटा आत असतातच. ब्लीचने त्या काढून टाकल्या असताना वरून राखी किंवा नुसता तपकिरी रंग लावला, तर राखीतला निळा आणि खालचा पिवळा मिळून शेवाळी झाक येते. म्हणून आधी गेलेली उब भरून काढावी लागते. पहिल्या बैठकीत ताईंनी फक्त मुळांचा पट्टा घेतला. त्याखालच्या केसांवर दाट कंडिशनर लावून त्यांना फॉइलमध्ये गुंडाळले, जेणेकरून मिश्रणाचा ओघळ तिथे पोचला तरी काही बसू नये. मुळांवर प्रथम सोनेरी-तांबूस छटेचा फिलर आणि त्यावर 5 आणि 6 पातळीच्या दरम्यानचा, सोनेरीकडे झुकणारा तपकिरी रंग लावला. दोन्ही अमोनियारहित, डेमी-परमनंट म्हणजे अर्ध-कायमस्वरूपी प्रकारचे होते आणि डेव्हलपर 2 टक्क्यांच्या आसपासचा, म्हणजे पहिल्या सलूनमधल्या 9 टक्क्यांच्या चौथ्या हिश्श्याहूनही कमी. वरून उष्णता दिली नाही. टाळूची स्वतःची ऊब तिच्या लगतच्या केसाला पुरते, आणि पहिल्या वेळी त्याच उबेवर आणखी उष्णता आल्यामुळेच मुळे सर्वांत आधी आणि सर्वांत जास्त फिकट झाली होती. दर काही मिनिटांनी ओल्या कापसाने एखादी बट पुसून त्या रंग पाहत. धुतल्यावर मुळे मधल्या भागाहून किंचित गडद दिसली. असा रंग पहिल्या काही धुण्यांत थोडा उतरतो म्हणून ते मुद्दाम तसे ठेवले होते. पांढरे केस पूर्ण झाकले गेले नाहीत, फक्त आजूबाजूच्या रंगात मिसळले. पूर्ण झाकायचे तर अधिक तीव्र डेव्हलपर लागतो आणि तो या टाळूवर सध्या नको, हे त्यांनी आधीच सांगितले होते.

मधल्या भागाला त्या दिवशी हात लावला नाही. भाचीचे लग्न जवळ आले होते आणि मी जरा हट्टच केला, पण एकाच दिवशी सगळे उरकण्याच्या घाईतून केस तुटतात यावर त्या ठाम राहिल्या. सांगलीच्या त्या लग्नात मी अंबाडा घातला, तांबडा भाग आत वळवला आणि वर भरगच्च गजरा माळला. मुळे नीट झालेली असल्यामुळे कोणाच्या काही लक्षातही आले नाही. रंगदुरुस्ती चालू असताना समारंभ आला तर मुळे आणि कपाळालगतचे केस आधी नीट करवून घ्यावेत, बाकीचे केशरचनेत लपते, हे व्यवहारज्ञान मला त्यातून मिळाले.

लग्नानंतरच्या बैठकीत मधला भाग घेतला. तांबडा-नारिंगी मारायला निळ्या आधाराची राखी छटा लागते, पण ती केसाच्याच पातळीची असावी लागते. 6 वरच्या केसाला 9 पातळीचा टोनर लावला तर त्यात नारिंगीला मारण्याइतके रंगद्रव्यच नसते, आणि अनेकदा टोनरने काही झालेच नाही अशी तक्रार होते ती यामुळेच. ताईंनी 6 पातळीचीच राखी आणि साधी तपकिरी छटा मिसळून ओल्या केसांवर लावली, जेणेकरून ती एकसारखी आणि जरा मंद बसेल, आणि मला हवी होती तितकी उब शिल्लक असतानाच धुऊन टाकली. पूर्ण मुदत ठेवली असती तर तांबडेपणा पार गेला असता, पण मग गव्हाळ वर्णावर तो राखी तपकिरी निस्तेज दिसला असता, असे त्यांचे मत होते आणि आरशात पाहिल्यावर मलाही ते पटले.

टोकांच्या बाबतीत तडजोड करावी लागली. त्यांतला हाताला सर्वांत राठ लागणारा भाग कापला, उरलेल्या टोकांना आम्लधर्मी, रंगहीन ग्लॉस लावला, ज्याने खवले बसतात आणि चमक येते. टोके मधल्या भागापेक्षा दोन पातळ्यांनी गडद राहतील, आणि पूर्ण कापली जाईपर्यंत तशीच राहतील, हे त्यांनी आधीच स्पष्ट केले होते. तसे ते आजही थोडे दिसते. दोन्ही बैठकांत रंगानंतर त्यांनी बाँड बिल्डर वापरला. ऑलाप्लेक्स 2014 मध्ये बाजारात आल्यापासून अशी उत्पादने सर्वत्र मिळू लागली आहेत. ब्लीचने तुटलेले केसातील गंधकाचे बंध जोडण्याचा त्यांचा दावा असतो. माझ्या मधल्या भागात ताण सहन करण्याची क्षमता थोडी सुधारल्याचे मला जाणवले, पण फाटे फुटलेल्या टोकांना कोणतीही बाटली सांधत नाही, आणि प्रथिनांचे मास्क वारंवार लावल्यास केस ताठ होऊन उलट जास्त तुटतो. म्हणून प्रथिनांचा मास्क महिन्यातून एखादाच आणि बाकी वेळा साधा ओलावा देणारा मास्क, एवढ्यावर आम्ही थांबलो.

रंग टिकवण्यासाठीच्या सूचना थोड्या होत्या. धुणे आठवड्यातून दोनदा, पाणी कोमट, ओले केस टॉवेलने रगडायचे नाहीत, दुपारच्या उन्हात दुचाकीवर जाताना ओढणी किंवा स्कार्फ. केस सरळ करण्याची गरम इस्त्री मी पूर्ण बंद केली, कारण तिच्या 180 ते 200 अंश तापमानाला टोनरची छटा क्षणात बदलू शकते आणि तांबडेपणा परत डोके वर काढतो. मधल्या भागाचा टोनर तसाही काही आठवड्यांनी उतरतोच, तेव्हा निळा शाम्पू फक्त त्या भागाला, अधूनमधून लावायचा. तो हाताला किंवा संगमरवरी ओट्याला लागला तर डाग पडतो, हे बाटलीवर लिहिलेले असूनही आमच्या न्हाणीघरातल्या फरशीने ते स्वतः अनुभवले.

आता ताईंकडे माझ्या नावाचे कार्ड आहे आणि त्यावर प्रत्येक बैठकीचे मिश्रण, डेव्हलपरची टक्केवारी, वेळ आणि केसाचा कोणता भाग घेतला हे नोंदलेले असते. त्याचा फोटो मी स्वतःकडेही ठेवते, म्हणजे उद्या दुसऱ्या गावी दुसऱ्या कोणाकडे जावे लागले तरी सुरुवात अंदाजाने होणार नाही. पांढऱ्या केसांसाठी पुढची बैठक ठरली आहे. तीत रंग फक्त नव्या वाढीवर, आधीच्या रंगाच्या रेषेवर न चढवता लागेल, त्याआधी कानामागे पुन्हा 48 तासांचा ठिपका असेल, आणि जमले तर टोकांचा आणखी थोडा भाग कापला जाईल.